हरलेल्यांची चौकशी

ओळखपटवे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण बोटीच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं एका खिडकीत बसून जो येईल त्याला "ओळख पटवा" म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? पुढे पुढे ते हजेरीच्या वहीतही आलं. मग एकदा खुद्द सासूबाईंनी पत्रावर 'श्री. ओळखपटवे' असं लिहिलं, तेव्हा त्यांनी खऱ्या आडनावाचा नाद सोडला.

खिडकी होती हरवलेल्या सामानाची. या काठावरून त्या काठाला दिवसाला बावीस बोटी जायच्या, आणि त्यांत माणसं काय काय सोडून जायची ते सांगितलं तर खोटं वाटेल. छत्र्या, डबे, चष्मे हे नेहमीचंच. पण ओळखपटव्यांच्या फडताळात एक कवळी होती, एक शिडी होती आणि कोपऱ्यात एक आख्खं दार उभं होतं, कडीकोयंड्यासकट. बोटीत दार सोडून गेलेला माणूस घरात शिरला कसा, की दार नव्हतं म्हणून सरळच शिरला, यावर शेजारच्या तिकीट खिडकीतली ताई आणि ओळखपटवे यांनी एक आख्खी दुपार वाद घातला होता.

एवढं सामान म्हटल्यावर खिडकीवर झुंबड उडायला हवी. पण छे. महिन्याला आठ-नऊ माणसं, डोक्यावरून पाणी. याचं कारण ओळखपटव्यांनी कधीच ओळखलं होतं. 'हरवलं' हा शब्द माणसाच्या घशाखाली अडकतो, वर येतच नाही. तसा तो बिचारा सभ्य शब्द. 'छत्री हरवली' म्हटलं की दोष छत्रीचा, आपण नामानिराळे. जशी काही तीच उठून कुठे निघून गेली. पण एवढी सवलत असूनही लोक म्हणणार 'राहिली'. "माझी छत्री राहिली का हो इथे?" म्हणजे छत्री आपल्या हौसेने राहिली, पाहुणी राहावी तशी. नाहीतर 'ठेवलीय कुठेतरी'. नाहीतर 'नेली कुणीतरी'. घरच्यांसमोर तर 'दिलीय एकाला' असंही ठोकून देतात. आणि ज्याची छत्री नुसती राहिलीय, तो हरवलेल्यांच्या खिडकीवर कशाला येईल? तो चहावाल्याला विचारतो, खलाशाला विचारतो, शेजाऱ्यावर संशय घेतो आणि शेवटी गुपचूप नवी आणतो.

असं सगळं सुखाने चाललं होतं, आणि मोठ्या साहेबांचं पत्र आलं. ज्या खिडकीवर महिन्याला पन्नास नोंदी होणार नाहीत, ती खिडकी महिनाअखेर बंद. आतलं सामान बेवारस समजून एकगठ्ठा भंगारात. आणि खिडकीवरचा कर्मचारी बोटीवर, तिकीट तपासायला.

शेवटचं वाक्य वाचून ओळखपटव्यांनी टेबलाची कड धरली. आपल्याकडे बोट दोनदा लागते, एकदा धक्क्याला आणि एकदा माणसाला. ओळखपटव्यांना ती धक्क्याला लागायच्या आतच लागायची. सव्वीस वर्षं बोटीच्या नोकरीत काढली, पण बोटीत पाय ठेवला नव्हता. हलतं पाणी नुसतं दिसलं तरी पोटात ढवळायचं, म्हणून ते रोज मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने, पाण्याकडे पाठ करून आत यायचे आणि तसेच परत जायचे.

"तुम्ही आणि बोटीवर?" घरी बायको म्हणाली. "अहो, बादलीतलं पाणी हिंदकळलं तरी तुम्ही भिंत धरता."

"सवय होते म्हणतात."

"आपल्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. झोपाळ्यावर बसायची झाली का सवय?"

"मग काय करू, तूच सांग."

"पन्नास माणसं आणा."

"आणू कुठून? लोकांना सांगत फिरू, बाबांनो, काहीतरी हरवा?"

"नवीन हरवायला कशाला हवं? जे हरवलंय ते कबूल करा म्हणावं."

"ते हरवण्यापेक्षा अवघड आहे," ओळखपटवे म्हणाले आणि पाणी न पिताच झोपले.

तेवीस तारीख उजाडली तेव्हा वहीत नोंदी होत्या नऊ. त्या दिवशी तिकीटवाल्या ताईने सुचवलं, "काका, निदान पाटी तरी नीट करून घ्या. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं गंजलीयत. लोकांना वाटतं आत कुणी राहत नाही."

पाटीवर पत्र्याची सुटी अक्षरं ठोकलेली होती: हरवलेल्यांची चौकशी. ओळखपटव्यांनी धक्क्यावरच्या सुताराला बोलावलं, मागच्या दारातूनच सांगितलं, "घासूनपुसून लाल रंग दे. नजरेत भरली पाहिजे," आणि ते घरी गेले. सुतार मोठा टापटिपीचा माणूस. अक्षरं घासता घासता मधला 'व' त्याच्या हातातच बिस्किटासारखा मोडला. आता मधे फट राहिली, पुढचा दात पडल्यासारखी. टापटिपीच्या माणसाला ते कसं बघवणार? त्याने 'ह' आणि 'र' उचकटले, फट बुजेल असे पुढे सरकवून ठोकले, वर झकास लाल रंग दिला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. अंतर अगदी सारखं आलं होतं.

सोमवारी सकाळी पहिलीच बोट लागली आणि पाच मिनिटांत एक गृहस्थ खिडकीशी येऊन उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, पण चेहऱ्याची इस्त्री पार मोडलेली.

"इथे चौकशी होते ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"होते की. बोला, काय गेलं?"

"सहा वर्षं माझ्याकडे होतं हो. गेल्या गुरुवारी गेलं."

"काय ते सांगा. लिहायला लागतं."

"अध्यक्षपद. आमच्या सोसायटीचं."

ओळखपटव्यांचं पेन थांबलं. पण हरवलेलं आख्खं दार ज्याने पाहिलंय, तो अध्यक्षपदाला काय घाबरणार? शिवाय ही महिन्यातली दहावी नोंद होती, आणि दारी आलेली दहावी नोंद परत पाठवायला ते काही वेडे नव्हते. त्यांनी अर्ज पुढे ओढला.

"शेवटचं कुठे पाहिलंत?"

"तळमजल्याच्या हॉलमध्ये. हात वर करून मतदान झालं. एका हाताने गेलं."

"कुणावर संशय?"

"संशय कसला, डोळ्यांनी पाहिला तो हात. बांगड्यांसकट. बायकोचा."

ओळखपटव्यांनी 'संशय' खोडून 'खात्री' लिहिलं. "बरं, आता ओळख पटवा. काही खूणबिण?"

माजी अध्यक्ष विचारात पडले. "खूण म्हणजे… जिन्यात लोक थांबून बोलायचे. पाण्याचा पंप बंद पडला की पहिलं दार माझं वाजायचं. काल पंप बंद पडला, तर मला ते आंघोळीला गेल्यावर कळलं."

"साबण लावल्यावर?"

"डोळ्यांना."

ओळखपटव्यांनी लिहिलं: खूण, पंप. "सापडल्यास कुणाला कळवायचं?"

हा प्रश्न अर्जावर छापलेलाच होता, कुणी तो मनाने काढला नव्हता. पण गृहस्थांनी खिडकीत वाकून तो स्वतः वाचून घेतला. "बायकोलाच कळवा," ते म्हणाले. मग म्हणाले, "चार दिवस बोललो नाही तिच्याशी." आणि सही करून, आले होते त्यापेक्षा जरा ताठ चालत गेले.

त्यानंतर जी रीघ लागली, ती बघून ओळखपटव्यांना कळेना की आपण जागे आहोत की झोपेत. एक आजी आल्या. नऊ वर्षांच्या नातीने त्यांना बुद्धिबळात मात दिली होती. "पहिल्यांदाच?" ओळखपटव्यांनी सहानुभूतीने विचारलं. "पहिल्यांदाच," आजी म्हणाल्या, "लागोपाठ तीनदा." एक जण गाडी चालवण्याच्या परीक्षेत सातव्यांदा नापास झाला होता, परीक्षक आता त्याला घरच्यासारखं 'ये रे' म्हणत. एक नवराबायको जोडीने आले. वस्तू: शेवटचा शब्द. शेवटचा कुणाजवळ होता? "हिच्याजवळ," नवरा म्हणाला. "माझ्याजवळच आहे अजून," बायको म्हणाली, "मी नुसती सोबत आलेय."

लोक हल्ली मनाने हळवे झालेत, ओळखपटव्यांनी निष्कर्ष काढला. शेजारच्या खिडकीतून ताई मात्र प्रत्येक बोटीला तोंड वर करून सांगत होती, "चौकशी ना? पुढची खिडकी. लाजू नका, बरेच जण आहेत." बुधवारी संध्याकाळी वहीत एकसष्ट नोंदी होत्या. त्या रात्री ओळखपटवे दोन पोळ्या जास्त जेवले.

गुरुवारी एक बारीक अंगाचे, जाड भिंगांचे गृहस्थ आले. छापखान्यात मजकूर तपासायचं काम करतो म्हणाले.

"काय गेलं तुमचं?"

"माझं काही नाही गेलं. तुमचं गेलंय."

"माझं?"

"पाटीतला व. तीन दिवस येता-जाता बघतोय, राहवेना म्हणून आलो. काल तर झोप नाही."

ओळखपटवे उठले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्या बाजूने बाहेर आले. एका हाताने खांब धरला, पाण्याकडे पाठ केली आणि मान वर करून वाचलं: हरलेल्यांची चौकशी. अंतर अगदी सारखं होतं.

"तू बघितलं होतंस?" त्यांनी ताईला विचारलं.

"सोमवारी, पहिल्या बोटीच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बोट लागते म्हणून," ताई म्हणाली. "आणि काका, आता गप्प बसा. परवा साहेब येणार. ते आकडा बघतात, वाचत नाहीत. एकसष्ट आहेत, अकरा वर. सोमवारी व लावून टाकू."

ओळखपटवे आत येऊन वहीसमोर बसले. पलीकडे बोटीचा भोंगा झाला. त्यांनी पान उलटलं. अध्यक्षपद. बुद्धिबळ. शेवटचा शब्द. मग त्यांनी पट्टी काढली.

"काय करताय?" ताई खिडकीतून वाकून बघत होती.

"खोडतोय."

"अहो, बोटीवर जाल."

"जाईन. लोकांना सव्वीस वर्षं ओळख पटवायला लावली मी. एक म्हातारा आपली स्वतःची काठी न्यायला आला होता, त्याला काठीवरचा चरा कुठल्या बाजूला ते सांगितल्याशिवाय दिली नाही. आणि आता माझीच वही मला ओळखू येत नाही."

बावन्न ओळी पट्टीने सरळ खोडल्या. राहिल्या नऊ. हातात दोन दिवस.

सुताराला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "वाचता येतं मला. पण कामावर असताना मी वाचत नाही. लक्ष विचलित होतं."

"अरे, तू आख्ख्या धक्क्याला हरवलंस की."

"हरवलं नाही, फट बुजवली," सुतार म्हणाला. पण वाईट वाटलं असणार, कारण बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून त्याने तासाभरात नवा 'व' ठोकून दिला, पैसेही मागितले नाहीत.

आता एक नियम उरला होता. अर्ज रद्द केला की अर्जदाराला कळवायचं. ओळखपटवे नियमाचे पक्के. शुक्रवारी सकाळी फोन घेऊन बसले. पहिला नंबर आजींचा.

"हरवलेल्यांच्या खिडकीवरून बोलतोय. आजी, तुमचा अर्ज रद्द झालाय. तुम्ही हरलेल्या नाही."

"नाही?" आजी म्हणाल्या. "मग तो तिसरा डाव?"

"म्हणजे हरल्या असाल, पण त्याच्याशी आमचा संबंध नाही. पाटीत चूक झाली होती. आमच्याकडे फक्त हरवलेलं चालतं. वस्तू. छत्रीबित्री."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. 

"निळी आहे का हो एक?" आजींनी आवाज खाली आणून विचारलं. "मुठीला दोरा गुंडाळलेली?"

ओळखपटव्यांनी फडताळात पाहिलं. "आहे. कधी राहिली?"

"राहिली नाही हो, हरवली. सुनेला सांगितलं होतं, मैत्रिणीला दिलीय. पण तुमच्यापुढे नातीकडून हरल्याचं कबूल करून बसलेय, आता छत्रीचं काय लपवायचं?"

ओळखपटव्यांनी फोन ठेवला आणि वही उघडून दहा नंबरला लिहिलं: छत्री, निळी. अक्षर सुवाच्य आलं.

दुसरा फोन सात वेळा नापास झालेल्याला. तो म्हणाला, "वस्तू? मग माझी गाडीची पुस्तिका आहे का बघा, परीक्षेच्या तयारीची. बोटीत वाचताना हरवली." ओळखपटव्यांनी हळूच विचारलं, "कितव्यांदा नापास व्हायच्या आधी?" "दुसऱ्यांदा." मग सहा वेळा न वाचताच बसला होता बिचारा. शेवटचा शब्द गमावलेल्या नवऱ्याची टोपी निघाली. माणूस एकदा 'हरलो' म्हणून बसला की 'हरवलं' म्हणायला त्याला काहीच जड जात नाही, हे सव्वीस वर्षांत न उमगलेलं गुपित ओळखपटव्यांना एका सकाळी उमगलं.

शुक्रवारी दुपारपासून माणसं यायला लागली. शनिवारी खिडकीपासून चहावाल्यापर्यंत रांग. रांगेत कुणी मान खाली घालून उभं नव्हतं. "तुमचं काय हरवलं?" "जोडे." "दोन्ही?" "एकच. दुसरा अजून घरी वाट बघतोय." कवळी गेली. शिडी गेली. ओळखपटवे प्रत्येकाला ओळख पटवायला लावत होते, घाईगर्दी असली म्हणून सूट नाही, आणि मागे उभे असलेले लोक कान देऊन ऐकत होते.

साहेब चारच्या बोटीने येणार होते. साडेतीनला रांग संपली. ओळखपटव्यांनी आकडा पाहिला. सत्तेचाळीस.

ताई उठली. तिने स्वतःची पर्स उपडी करून पाहिली, काही हरवलंय का. सगळं जागेवर होतं. "नेमकं आजच," ती म्हणाली.

"राहू दे," ओळखपटवे म्हणाले. "सत्तेचाळीस खरे आहेत." आणि बोटीवर जाताना आल्याची वडी जिभेखाली ठेवतात म्हणे, ती कुठे मिळते हे त्यांनी चहावाल्याला विचारून ठेवलं.

पावणेचारला माजी अध्यक्ष आले. बरोबर बायको, आणि तिच्या हातात बांगड्या, म्हणजे तोच हात.

"तुम्ही फोनवर वस्तू म्हणालात," अध्यक्ष म्हणाले. "माझं काही नाही. हिला काहीतरी विचारायचंय. मला सांगत नाहीये."

बाई नवऱ्याकडे न बघता खिडकीशी वाकल्या. "चष्मा आहे का हो एक? तपकिरी?"

"हरवला?"

"हरवला," बाई म्हणाल्या, आणि शब्द एकदाचा बाहेर पडल्यावर बाकीचेही पाठोपाठ आले. "सभेच्या दिवशी सकाळीच. फळ्यावर दोन नावं लिहिली होती. चिटणीस तोंडात काहीतरी चघळत पट्टीने दाखवत होता. मला वाटलं ह्यांचंच नाव आहे, केला हात वर."

अध्यक्ष बायकोकडे वळले. "मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? ह्या वर्षातला तिसरा चष्मा. दुसरा हरवला तेव्हा तुम्ही म्हणालात, आता डोळेच काढून ठेव घरी."

"अगं, ते मी असंच…"

"आणि तुम्ही तरी विचारलंत का? चार दिवस तोंडाचा फुगा."

"हात वर केलास, विचारायचं काय त्यात?"

"एक मिनिट," ओळखपटवे म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "तिसरा म्हणालात. पहिले दोन?"

"तेही बोटीतच. एक काळा, एक सोनेरी काड्यांचा."

ओळखपटव्यांनी चष्म्यांचा खोका टेबलावर पालथा केला. "ओळख पटवा. एकेक करून. घाई नाही," ते म्हणाले, आणि त्यांची नजर घड्याळावर होती. बाईंनी पहिला उचलला, घातला, काढला. तपकिरीच्या काडीला गुंडाळलेला धागा दाखवला, काळ्याच्या काचेवरचा तडा, सोनेरीच्या नाकावरचा वाकडेपणा. तीन वस्तू, तीन नोंदी. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. तिसरा चष्मा डोळ्यांवर ठेवून बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "आठ-दहा दिवसांत किती वाळलात हो," त्या म्हणाल्या.

"फेरमतदान मागू का?" अध्यक्षांनी विचारलं.

"मागा. ह्या वेळी तीन चष्मे घेऊन बसते."

चारच्या बोटीने साहेब आले. ताई म्हणाली होती ते आकडा बघतात, वाचत नाहीत; पण वही उघडल्या उघडल्या त्यांना बावन्न खोडलेल्या ओळी दिसल्या, आणि खोडलेलं कुणीही आधी वाचतं. वाचता वाचता त्यांनी एक खुर्ची ओढली. "हे काय, 'खूण, पंप'?"

ओळखपटव्यांनी सगळं सांगितलं. पाटी, व, सुतार, फोन. काही लपवलं नाही, आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

साहेब परत पहिल्या पानापासून मोजायला लागले, बोट ठेवून, खोडलेल्या ओळी वगळून. मग म्हणाले, "पन्नास. एकही जास्त नाही."

"नाही साहेब."

"खोडलं नसतंत तर शंभरावर गेले असते."

"गेले असते."

साहेबांनी खाली सही केली. शेरा लिहिला: खिडकी चालू ठेवावी. मग त्याच ओळीत पुढे लिहिलं: अर्जदारांसाठी एक बाक द्यावा. "लोकांना उभ्याने बोलायला लावता तुम्ही," ते ओळखपटव्यांना म्हणाले, जरा रागावूनच.

सोमवारी, नव्या महिन्याच्या दोन तारखेला, बाक आला. सुताराने तो खिडकीपासून मोजून अडीच हातांवर ठेवला. पहिल्या बोटीने एक बाई उतरल्या, अनोळखी, धक्क्यावर गेल्या आठवड्यात काय झालं ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण बाकावर आधीच दोघं बसून एकमेकांना आपापली हरवलेली पिशवी किती मोठी होती ते हातांनी दाखवत होते. बाईंनी त्यांचं थोडं ऐकलं, मग खिडकीशी आल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझा डबा हरवला. शुक्रवारी. सापडला तर द्या, पण कृपा करून उघडू नका."

ओळखपटव्यांनी नव्या महिन्याचं कोरं पान काढलं आणि वर नंबर घातला: एक.